खंडेनवमीच्या ताटातलं कार्ड

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आमच्या ऑफिसात माझ्या पाठीमागे बोललं गेलं. समोर येऊन म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तर मीच सांगते. कुंपण मी होते, कबूल. पण शेत मी खाल्लं नाही. कुणी खाल्लं ते मला माहीत आहे, आणि तिच्या डब्यातली भेंडीची भाजी मी बारा वर्षं खाल्लेली आहे.

आमची संस्था परदेशी. मुख्य कार्यालय युरोपात, शाखा बऱ्याच देशांत, आणि आपल्याकडचं ऑफिस ठाण्यात, एका काचेच्या इमारतीचे दोन मजले. घरात मारहाण होऊन बाहेर पडलेल्या बायका, जिवाच्या भीतीने गाव सोडून आलेली कुटुंबं, अशा लोकांना आम्ही निवारा आणि वकील मिळवून देतो. त्यांची नावं, ते आता कुठे राहतात ते पत्ते, सगळं आमच्याकडे. थोडं रेकॉर्ड रूममधल्या कपाटांत, थोडं कॉम्प्युटरवर. यातला एक पत्ता बाहेर गेला, तर एखादीचा नवरा दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा. इतकं सरळ आहे ते.

माझी पोस्ट सुरक्षा समन्वयक. हे म्हणजे नेमकं काय, ते घरात कुणाला कधी कळलं नाही. सासूबाई डोंबिवलीतल्या समस्त शेजारणींना सांगायच्या, "आमची सून वॉचमनांची साहेब आहे." मी नाद सोडला. खरं काम असं, की इमारतीची सुरक्षा एकीकडे, म्हणजे दारं, कुलपं, गार्ड, कॅमेरे. माहितीची सुरक्षा दुसरीकडे, म्हणजे पासवर्ड, सर्व्हर, कोणी कुठली फाइल उघडायची ते. आणि या दोघींचं विस्तव आणि लोणी. एका घरातल्या दोन जावाच. दूध उतू गेलं की ही म्हणणार, गॅसपाशी ती होती. ती म्हणणार, पातेलं हिने ठेवलेलं. मी मध्ये. मी कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट. एक माणूस नोकरी सोडून गेलेला. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद केला आणि हात झटकले. गेटवाल्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे त्याचं कार्ड चालूच. हा पठ्ठ्या दोन महिने रोज दुपारी यायचा, कँटीनमध्ये जेवायचा, एसीत बसून पेपर वाचायचा आणि जायचा. नवी नोकरी लागलेली नव्हती, आणि ते बायकोला सांगितलेलं नव्हतं. हसा तुम्ही. माझी तेव्हा पाचावर धारण बसलेली.

तेव्हापासून मी नियम केला. गळ्यातलं कार्ड क्षणभरही अंगावेगळं करायचं नाही. त्या कार्डाने दार उघडतं आणि त्याच कार्डाने कॉम्प्युटरही उघडतो, म्हणजे दोन्ही जावांची किल्ली एकच. टेबलावर पडलेलं कार्ड दिसलं की मी ते उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि मालक शोधत येईपर्यंत तोंडातून ब्र काढायचे नाही. एकदा खुद्द डायरेक्टरचं उचललं. साहेब अर्धा तास जिन्यात अडकले. नियम म्हणजे नियम.

गेटवर मामा होते. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. डोंबिवलीच्या खाडीकडेच्या कोळीवाड्यातले. त्यांच्या वडलांचं पोट खाडीतल्या मासळीवर चाललं. मामांच्या वेळेला खाडीत केमिकल आलं, मासळी गेली, आणि मामांनी गार्डची निळी वर्दी चढवली. नऊ वर्षं आमच्या गेटवर. गेटवर उभं राहून माणूस इतका पारखणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही. एखादा अनोळखी इसम साहेबी थाटात आत घुसायला लागला की मामा त्याला आदराने खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि ते पाणी संपेपर्यंत वर फोन करून खात्री करून घ्यायचे. मी नव्या गार्डांना हेच शिकवायचे. अडवू नका, पाणी द्या.

पण मामा आमचे नव्हते. एजन्सीचे होते. एजन्सीने आज म्हटलं, उद्यापासून दुसरीकडे उभे राहा, की विषय संपला. म्हणून मी चार वर्षं डायरेक्टरच्या मागे लागलेले, की एक गार्ड तरी संस्थेच्या नोकरीत कायम घ्या, गेट ओळखणारा माणूस पैशापेक्षा मोठा असतो. शेवटी त्या वर्षी मुख्य कार्यालयाने होकार दिला. नाव मामांचं. नव्या वर्षापासून रुजू. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदा पक्की नोकरी, साठीपर्यंत कुणी हलवणार नाही. मामांनी घरी सांगितलं आणि मामींनी सगळ्या कोळीवाड्यात. मी म्हटलं, अहो, पत्र तर हातात येऊ दे. पण आनंद काय दाबून ठेवता येतो?

आणि आता ती. माहिती सुरक्षेची प्रमुख, माझी मैत्रीण.

आम्ही दोघी एकाच वर्षी लागलेल्या. ती कल्याणची. ऑफिसची बस कल्याणहून सुटायची, डोंबिवलीत मला घ्यायची आणि शीळफाट्यावरून ठाण्याला जायची. ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची, स्वतःची पर्स सीटवर ठेवून. शीळफाट्याला बस अडकली की तास तास हलत नाही. आमची मैत्री त्या फाट्यावरच वाढली. माझ्या मुलीचं बारावीचं टेन्शन, तिच्या नवऱ्याचा अबोला, माझ्या गुडघ्याचा एक्सरे, तिच्या सासूचं कोकणातलं घर, सगळं त्या बसमध्ये उलगडून झालं. ती हुशार, शांत, इंग्रजी फाडफाड. मी तडकफडक. ऑफिसात लोक म्हणायचे, अशी जोडी कुठल्याच शाखेत नाही, गेट आणि सर्व्हर एका डब्यात जेवतात. मला त्याचा अभिमान होता हो. फार अभिमान होता. एका वर्षी वाढदिवसाला आम्ही फडके रोडवरून एकसारखी दोन चांदीची कडी घेतली, एक तिला, एक मला. डिझाइन जरा विचित्रच होतं, दोन माशांची तोंडं. दुकानदार म्हणाला, ही जोडी दोन वर्षं पडून आहे, कुणी घेईना.

त्या वर्षी बसमध्ये तिनेच बातमी आणली, की मुख्य कार्यालय आपल्या दोन्ही पोस्ट एकत्र करणार आहे. सगळी सुरक्षा एकीच्या हाताखाली. मी म्हटलं, "मग काय, तू हो. मला कॉम्प्युटरमधलं डोंबल कळतं." ती म्हणाली, "छे गं, तूच हो. लोक तुला घाबरतात." हसलो दोघी. मी खरंच हसले होते.

खंडेनवमीला आमच्या गेटवर पूजा असायची. ही मामांची पद्धत. त्यांच्याकडे घरी होडी धुवून, वल्ही आणि जाळी मांडून त्यांची पूजा करायचे, ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. तेच त्यांनी गेटवर आणलं. टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर किल्ल्यांचा जुडगा, टॉर्च, वॉकी-टॉकी, व्हिजिटरांचं रजिस्टर, काठी. झेंडू, हळदकुंकू, नारळ. वरच्या मजल्यावरचे लोकही उतरायचे, कॉम्प्युटरवाल्यांनी सर्व्हरच्या दाराला तोरण बांधलेलं असायचं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. डायरेक्टर परप्रांतीय, तेही टोपी घालून नारळ फोडायचे.

त्या वर्षी मामा पाट मांडत होते, आम्ही दोघी बाजूला उभ्या. ती मला म्हणाली, "अगं, टॉर्चची पूजा करतो आणि ज्याच्यावर आपलं खरं पोट चालतं ते गळ्यातच? सगळ्यांची कार्डं ठेवू या ना ताटात. आपलं हत्यार तर तेच." मला पटलं. पटलं म्हणजे काय, मला गहिवरून आलं. बारा वर्षं ज्या कार्डाबद्दल मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्याला कुणीतरी हत्यार म्हणत होतं. मी मामांना म्हटलं, "मामा, घ्या सगळ्यांची कार्डं. ठेवा ताटात. अर्धा तासच तर आहे."

मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ताय, कार्ड अंगावरून काढाचा नाय ना?"

"आजच्या दिवस चालतं हो," मी म्हटलं. "मी आहे ना इथे."

मोठं पितळी ताट होतं. त्यात पंचेचाळीस-पन्नास कार्डं, माझं सगळ्यात वर. मामांनी प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं. आरती झाली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. मग लोकांनी आपापली कार्डं उचलली. माझं तिनेच माझ्या हातात दिलं. "घे बाई तुझं हत्यार," म्हणाली.

नियम करणारीनेच नियम मोडला, एवढी चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही. पण असल्या चुका परके लोक करत नाहीत, त्यांना सुचणारच नाहीत. आपल्याच माणसांत आपण देवापुढे उभे आहोत, इथे कोण काय करणार, असं वाटायला आपल्यातलंच असावं लागतं. आणि ती चूक कुठे होईल हे हेरायलासुद्धा.

दिवाळी झाली आणि मुख्य कार्यालयाचा रिपोर्ट आला. त्यांनी आमच्या शाखेची गुप्त टेस्ट घेतली होती, कुणाला न कळवता. आतल्याच एका विश्वासू माणसाला सांगितलेलं, की सुरक्षा भेदता येते का बघ आणि फोटो काढून पाठव. त्या माणसाने खंडेनवमीच्या दिवशी, आरती चालू असताना, सुरक्षा समन्वयकाचं कार्ड ताटातून उचललं, वर जाऊन रेकॉर्ड रूम उघडली, कपाटांचे फोटो काढले, तिथल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि कार्ड परत आणून ठेवलं. माणसाचं नाव दिलेलं नव्हतं. फोटो होते. एका फोटोत माझं कार्ड रेकॉर्ड रूमच्या दारावर टेकवलेलं, वर माझा फोटो आणि माझ्या फोटोच्या कपाळावर कुंकू. कार्ड धरणारा हात मनगटापर्यंत दिसत होता. मनगटात दोन माशांची तोंडं.

मी ते पान बंद केलं. परत उघडलं. आरतीच्या वेळी ती माझ्या शेजारी होती, असं मला पक्कं आठवत होतं. टाळ्या वाजवत होती. मग आठवलं की सुरुवातीला होती आणि शेवटी होती. मधली आरती मी डोळे मिटून म्हणत होते.

मी तिच्या केबिनमध्ये गेले आणि कडं काढून तिच्या टेबलावर ठेवलं. तिला समजलं. दार लावून म्हणाली, "अगं, मला गुप्त ठेवायचं बंधन होतं. तुला कसं सांगणार? तू माझ्या जागी असतीस तर?"

"गुप्त ठेव ना," मी म्हटलं. "जन्मभर ठेव. पण कार्डं ताटात ठेवू या, हे तूच म्हणालीस. टेस्टने दार उघडं आहे का बघायचं असतं, दार आपणच उघडून आत शिरायचं नसतं. हे त्या रिपोर्टात कुठे आहे?"

"ते मी सहज म्हटलेलं."

"सहज? बारा वर्षांत तू एक मेल सहज लिहिलेली नाहीस!"

ती माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "चौकशी आहे ना सोमवारी. मी सांगेन त्यांना, सुचवलं मी होतं म्हणून. तू शांत राहा. तू चिडलीस की सगळं बिघडतं." आणि मी, मूर्ख बाई, शांत राहिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरीने कापलं असतं तर निदान ओरडले तरी असते.

सोमवारी सकाळी मीटिंग रूम. भिंतीवरच्या स्क्रीनवर युरोपातले दोघं जण, इकडे डायरेक्टर, ती आणि मी. ती पहिल्यांदा बोलली. स्वच्छ, मुद्देसूद. गेटवर दर वर्षी अशी पूजा होते, त्यात या वर्षी कर्मचाऱ्यांची कार्डं गोळा करण्यात आली. करण्यात आली! कुणी केली, कुणाच्या डोक्यातून निघालं, काही नाही. जसं काही कार्डं आपली आपण उडत जाऊन ताटात बसली. मी तिच्याकडे बघत राहिले, आता म्हणेल, आता म्हणेल. तिने पाण्याचा घोट घेतला आणि फाइल बंद केली.

मग मामांना आत बोलावलं. मामांना इंग्रजी येत नाही, तिकडच्यांना मराठी नाही. भाषांतर कोण करणार, तर तीच. मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. तिकडून प्रश्न आला, कार्डं गोळा करायला तुम्हाला कुणी सांगितलं?

याचं उत्तर मी होते. मामा खरं बोलले असते तर माझी नोकरी राहण्यासारखी नव्हती. आणि मामांना काहीही झालं नसतं. वरिष्ठाने सांगितलं, गार्डाने केलं, त्यात गार्डाचा काय दोष?

मामा म्हणाले, "कोनी नाय सांगितला. मीच मांगली सगल्यांची कार्डा. मॅडमना ठाऊक पन नव्हता, त्या मागून आल्या."

बोलून झाल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

तिने भाषांतर केलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कामात ती पहिल्यापासून चोख. स्क्रीनवरच्या बाईने ते लिहून घेतलं. मग डायरेक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला यात काही सांगायचं आहे?

मी बोलणार होते. शपथेवर सांगते, शब्द तयार होते. पण एक तर तिच्या खोटेपणाने मी बधिर झालेले, दुसरं म्हणजे मामा असं बोलतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं, आणि स्क्रीनवरची माणसं घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, "आमच्याकडे ही फार जुनी पद्धत आहे." एवढंच. खरं होतं ते. मीटिंग संपली. मामांकडून त्यांच्या जबानीवर सही घेतली.

पंधरा दिवसांत निकाल. मला लेखी ताकीद, देखरेखीत कसूर केल्याबद्दल. मामांची कायम नोकरी रद्द, आणि एजन्सीला कळवलं की हा गार्ड आमच्या गेटवर नको. एकत्र केलेली पोस्ट तिला. म्हणजे आता ती माझी साहेब झाली. आजही आहे. रोज सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणते.

मामा शेवटच्या दिवशी वर आले नाहीत. वर्दी घडी करून, किल्ल्या मोजून देऊन परस्पर गेले. गेटवरची दुसरी गार्ड, विठ्ठलवाडीची एक तरुण मुलगी, मला येऊन म्हणाली, "मॅडम, एक सांगू? तुमच्या मैत्रीण मॅडम चौकशीच्या आधी खाली आलेल्या. मामांना बोलल्या, तुम्ही अंगावर घ्या, म्हणजे तुमच्या ताई वाचतील, तुमचं मग मी बघते. मी ऐकलं ना. तिथेच होते मी."

त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शीळफाट्याला बस अडकलेली आणि सगळी बस ऐकत होती, ड्रायव्हरने गाणी बंद केली. मी म्हटलं, पोस्ट हवी होती तर तोंडाने मागायचीस, मी ओवाळून दिली असती. माझा गळा कापलास तो कापलास, त्या गरीब माणसाचा कशाला? ती म्हणाली, "मी तुलाच वाचवलं. मामा खरं बोलले असते तर आज तू घरी असतीस." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. निर्लज्ज मेली. मी उतरून रिक्षा केली. तेव्हापासून मी बसने जात नाही.

ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. शेवटी महिनाभराने मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. कार्डं ठेवा असं मीच सांगितलेलं, आणि मला ते कुणी सुचवलेलं, सगळं. उत्तर आलं, अगदी सभ्य. पत्राबद्दल आभार, पण गार्डची सही असलेली जबानी याच्या उलट आहे, तुम्हीही त्या वेळी ती नाकारली नव्हती, आणि त्या जागेवर आता दुसरी व्यक्ती रुजू झाली आहे. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

मग मी मामांच्या घरी गेले. आधी जायला हवं होतं, पण तोंड कुठलं दाखवायचं? एका रविवारी सकाळी गेले. खाडीकडेची वस्ती, आता तिथेही सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगी झाल्या आहेत, मधेच यांची बैठी घरं. मामा ओट्यावर बसून बूट पुसत होते. एजन्सीने त्यांना एका मॉलच्या पार्किंगमध्ये टाकलेलं, तिथे ते शिट्टी वाजवून गाड्या मागे घेतात. दुपारची ड्यूटी. मला बघून उठले, खुर्ची आणली, पाणी आणलं. मामी आतूनच "या" म्हणाल्या, बाहेर आल्या नाहीत.

मी पाणी न पिताच सुरू झाले. सगळं ओकले. पत्र लिहिलं ते सांगितलं, उत्तर काय आलं ते सांगितलं. म्हटलं, "मामा, ती तुम्हाला परत बोलावेल या आशेवर राहू नका. ती काही करणार नाही. तिने फसवलं आपल्याला. दोघांनाही."

मामा बूट पुसत होते. एक झाला, दुसरा घेतला.

"तिनी तुमाला फसवला, ताय," ते म्हणाले. "मना नाय."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "अहो, तिने शब्द दिलेला ना तुम्हाला? अंगावर घ्या, तुमचं मी बघते म्हणून?"

"दिलेला. मी हो बी बोललो तिला. पन ती माझी कोन लागते? तिच्या शब्दावर मी माझी नोकरी घालवीन, इतका येडा नाय मी." त्यांनी बूट खाली ठेवला. "मी खोटा बोललो तो तुमच्या भरवशावर. मना वाटला, मामा खोटा बोलतंय हा ऐकला का ताय लगेच उठल. बोलल, नाय, हा मानूस खोटा बोलतंय, मीच सांगितलेला त्याला. तिकडच्या लोकांना पन समजल, का ही मानसं एकमेकांना टाकनारी नाय. दोघांना बी ठेवतील." मग म्हणाले, "मी बघितला तुमच्याकडं. तुमी खाली बघत होता."

रागावून नाही म्हणाले. राग असता तर मला बरं पडलं असतं, मी रागाला उत्तर देऊ शकते. भांडायला मी कधी कमी पडलेली नाही. इथे भांडायचं कुणाशी?

"खरा सांगा," ते म्हणाले, "तवा तुमाला झालेला काय?"

मी बधिर झालेले, तिच्या खोटेपणाचा धक्का बसलेला, ते लोक घड्याळ बघत होते, सगळं जिभेवर आलं. इतके दिवस मी स्वतःला हेच सांगत आलेले.

"माझी नोकरी," मी म्हटलं. "मला माझी नोकरी दिसत होती, मामा."

मामांनी मान हलवली. मग ड्यूटीची वेळ होत आली म्हणून बूट चढवले, शिट्टी खिशात टाकली आणि मला रिक्षापर्यंत सोडायला निघाले.